विटकरी सीटच्या पोटातली बक्कलं

भाच्याने कटर ओढला आणि गाडीच्या मागच्या सीटला तळहाताएवढं तोंड फुटलं. आतून सीटबेल्टचं बक्कल निघणार याची त्याला पक्की खात्री होती. निघाला तो पिवळा फोम, दात विचकून हसल्यासारखा.

खरं तर हे काम त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ताई, म्हणजे त्याची मावसबहीण, सात महिन्यांची पोटुशी होती. तिला तपासणीसाठी मोठ्या गावातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. मावशी आत डबा भरत होती. ताईने गाडीत डोकावून एवढंच विचारलं होतं, "मागे बेल्ट कुठे गेले रे? नर्सने बजावून सांगितलंय, बेल्ट लावल्याशिवाय गाडीत बसायचं नाही." आणि ती पाणी प्यायला आत गेली होती. पण भाचा पडला तालुक्याच्या कॉलेजातला डिप्लोमावाला. अशा माणसाला प्रश्न विचारून एकटं सोडणं धोक्याचं असतं. त्याने सीटवरून हात फिरवला, कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं, आणि खिशातला कटर बाहेर आला.

आता मागेच का बसायचं, पुढे का नाही, असं कुणी विचारेल. तर या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी सीटच नव्हती. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, ती कधीच काढून टाकली होती, रेक्झिनच्या लांब गुंडाळ्या तिथे आडव्या बसाव्यात म्हणून. गावभरच्या गाड्यांना सीटा शिवून देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीला एक सीट कमी, हा त्या गल्लीतला जुना विनोद होता आणि काका तो स्वतःच सगळ्यांत जास्त वेळा सांगायचे.

"काय करतोयस रे तिथे?" मावशी डबा घेऊन दारात आली.

भाचा फाटक्या जागेवर बसला. अगदी सहज, जणू काही तो जन्मापासून तिथेच बसून होता.

"ऊठ."

"काही नाही गं मावशी, जरा बघत होतो..."

"ऊठ म्हणते ना शहाण्या."

तो उठला. मावशीने पाहिलं आणि तिच्या हातातला डबा गाडीच्या टपावर ठेवला गेला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. या सीटवर काकांनी शेवटचा टाका घातला होता. त्यानंतर आठवड्याभरात ते अंथरुणाला खिळले आणि पुन्हा हातोडी धरायला उठले नाहीत. दुकान मावशी एकटीने चालवत होती, पण घरच्या गाडीच्या सीटला तिने इतक्या वर्षांत साधी टाचणीही लावली नव्हती.

मावशीने फाटक्या तोंडात दोन बोटं घातली. तो टणक ऐवज बाहेर काढला. बक्कल नव्हतंच ते. जाड सुई रेक्झिनमधून रेटताना बोटावर चढवायची पितळी टोपी होती.

"अगं बाई!" मावशी म्हणाली आणि गाडीच्या उंबऱ्यावर बसलीच.

ही टोपी काकांची. शेवटच्या त्या कामात ती हरवली आणि काकांनी आळ घेतला मावशीवर. "तूच झाडून कचऱ्यात टाकलीस." मावशी म्हणायची, "मी नाही टाकली." काका म्हणायचे, "मग तिला काय पाय फुटले?" दुखण्यातही हे भांडण चालूच होतं. डॉक्टरांनी नाडी धरलेली असताना काका त्यांना सांगत होते, "बाकी सगळं ठीक आहे हो, फक्त हिने माझी टोपी टाकली."

मावशीने टोपी बोटात घातली. काकांचं बोट जाड; तिच्या बोटावर ती गरगर फिरली. "स्वतः आत शिवून टाकली," ती म्हणाली, "आणि मला बोलत राहिला. बघ तुझा काका." हसू आलं की रडू, ते भाच्याला नीट कळलं नाही. त्याने समजूतदारपणे टपावरचा डबा उचलून हातात धरला. त्या क्षणी त्याला तेवढंच जमण्यासारखं होतं.

काकांच्या सीटला गावात "पत्रा" म्हणत. इतकी ताठ, इतकी बिनसुरकुतीची. काम संपलं की काका मडक्यात बोट बुडवून सीटवर पाण्याचा एक थेंब सोडायचे. थेंब कुठेही न अडखळता घरंगळत खाली गेला तर काम पास. मध्येच थबकला तर कव्हर उचकटायचं, हुक काढायचे, पुन्हा ताणायचं. मावशी मशीनवरून मान वर करून विचारायची, "गेला का?" आणि काका ओरडायचे, "गेला! चहा टाक!" लग्नाआधी मावशी झबली-टोपडी शिवायची. रेक्झिनवर तिने पहिल्या दिवशी इतक्या सुया मोडल्या की काका म्हणाले, "तू शिवू नकोस, नुसती बघ त्याच्याकडे, तेच घाबरून जोडलं जाईल." पुढे तिची शिवण अशी बसली की काका फक्त ताणण्यापुरते उरले. हे त्यांनी मान्य केलं नाही, पण मशीन मात्र दर महिन्याला स्वतःच्या हाताने तेल घालून पुसून ठेवलं.

मावशीला गावातली माणसं नावाने आठवत नसत, सीटने आठवत. बँकेतले साहेब म्हणजे "खाकी पायपिंग", कारण त्यांच्या सीटच्या कडेला खाकी गोट होता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणजे "हिरवी पट्टी". शाळेच्या मोठ्या बाई "दुहेरी शिवण". एकदा कुणी तिला सांगितलं, अमक्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मावशी विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे मागच्या सीटवर आईस्क्रीम सांडायची ती का? मोठी झाली!"

आणि या पत्र्याला एकच शत्रू होता: बक्कल. बैठक आणि पाठ यांच्या फटीतून बक्कल वर आलं की तिथे कव्हर चुरगळायचं, थेंब अडकायचा. म्हणून काका गिऱ्हाइकाला विचारायचे, "मागची बक्कलं वर ठेवू की आत घालू?" गिऱ्हाईक म्हणायचं, "आत घाला हो, मागे कोण बेल्ट लावतंय!" मग बक्कलं फोमखाली, खांद्याचे पट्टे पाठीमागे दडपलेले, वरून अखंड कापड. असं गावातल्या निम्म्या गाड्यांचं केलेलं. शेवटी स्वतःच्या गाडीचंही तसंच.

ताई बाहेर आली. फाटलेली सीट, आईच्या बोटात टोपी, भावाच्या हातात डबा, एवढं पाहून तिला सगळं कळलं.

"चला, हे रात्री शिवेन मी," मावशी उठत म्हणाली. "उशीर होतोय. बस."

"बेल्ट?"

"आता आणखी नाही हात लावायचा त्याला. एवढं झालं ते पुरे. हळू चालवेल तो."

"आई, मी हळू बसायचं म्हणत नाहीये. बेल्ट लावून बसायचं म्हणतेय."

"आम्ही काय बेल्ट लावून मोठे झालो? तू पोटात असताना मी टेम्पोत बसून आले, मागे, रेक्झिनच्या गुंडाळीवर."

"ते सांगू नकोस, आठवलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. आणि आता तिथे जागा नाही."

भाचा हसला. दोघींनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

मावशी सीटच्या काठावरून हात फिरवत राहिली. "त्यांची शेवटची शिवण आहे गं," ती हळूच म्हणाली. "उसवली की गेली. मी घातली तर ती माझी होईल, त्यांची नाही."

ताई तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली, एक हात पोटावर ठेवून. "ही सीट बाबांनी कुणासाठी शिवली?"

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. आयुष्यभर घरच्या गाडीत काका गोणपाट अंथरून बसले. ताईला पहिली नोकरी लागली, ती गाडीने कामावर जायचं म्हणाली, तेव्हा काका म्हणाले, "माझी पोरगी गोणपाटावर बसणार नाही." आणि शोधून शोधून विटकरी रंग आणला, कारण तो तिला आवडायचा.

"माझ्यासाठी ना? मग मला त्यात नीट बसू दे."

मावशीने सीटवरचा हात काढला. मग दुकानात गेली. परत आली ती उसवायचं छोटं हत्यार आणि चष्मा घेऊन. "कटर खिशात घाल," ती भाच्याला म्हणाली, "आणि तो खिसा शिवून घे."

ती उसवायला बसली. तिने कापड कुठे कापलं नाही, शिवणीवरूनच गेली, एकेक टाका उचलत. काकांचा टाका ओळखू येत होता: शेवटाला आल्यावर ते दोरा उलटा वळवून दुहेरी गाठ मारायचे, तिला दोन गाठी आवडत नसत, यावरूनही भांडण. आज तिने ती गाठ कापली नाही. नखाने सोडवत बसली. ताईने घड्याळाकडे पाहिलं आणि नजर परत आईच्या नखाकडे वळवली.

बक्कल बाहेर आलं. नवंकोरं. मागून पट्टा ओढला तर तोही तसाच, घडीच्या रेषा पडलेला, फॅक्टरीचा वास अजून धरून असलेला. भाच्याने इथे मात्र डोकं चालवलं. पट्टा पूर्ण बाहेर काढून दोन्ही बाजूंनी पाहिला, कुठे धागा निघालाय का, कुठे उंदराने चव घेतलीय का. हळू ओढल्यावर पट्टा सुटत होता, झटका दिला की जागच्या जागी धरत होता. बक्कलमध्ये खटकन बसला. जोर लावून ओढला तरी सुटला नाही.

"पास," भाचा म्हणाला.

"थेंब टाकू का?" मावशी म्हणाली. त्या सकाळी ती पहिल्यांदा धड हसली.

ताई बसली. मावशीने पट्टा घेतला आणि लेकीच्या पोटावरून आडवा घालायला लागली, अलगद, पांघरूण घातल्यासारखा.

"तिथून नाही गं! पोटाच्या खालून. इथे, कमरेच्या हाडांवर, मांड्यांना लागून. नर्सने उभं करून दाखवलं मला."

"आणि हा वरचा?"

"खांद्याच्या मधून, छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने. मानेला घासायला नको. आणि पीळ बघ, पीळ पडलाय."

मावशीने पीळ काढला. जन्मभर पायपिंग सरळ लावलेला हात तो. पट्टा असा बसला की काकांनी थेंब सोडला असता तर तोही घरंगळला असता. दुसऱ्या बाजूचं बक्कलही तसंच उसवून काढलं होतं; तो पट्टा तिने स्वतःला लावला, पण साडीची इस्त्री मोडायला नको म्हणून वरचा पट्टा काखेखालून घेतला.

"आई, काखेतून नको. खांद्यावरून."

"तू तुझं बघ."

गाडी निघाली. पुढे, सीट नसलेल्या जागी, काळ्या रेक्झिनची एक गुंडाळी पडली होती. ती कुणाच्या लक्षात नव्हती. गावाबाहेरच्या वळणावर एक ट्रॅक्टर शेताच्या वाटेने अचानक रस्त्यावर आला आणि भाच्याने करकचून ब्रेक दाबला. गुंडाळी उडाली. समोर डॅशबोर्डच्या फळीवर धाडकन आदळली, फळीला तडा गेला, आणि ती परत येऊन खाली पडली. मागे पट्ट्यांनी दोघींना धरलं. ताई जागच्या जागी होती, एक हात पोटावर, चेहरा पांढरा.

"ठीक आहेस?" भाच्याचा आवाज फाटला.

"हो," ताई म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "लाथ मारतंय आत. रागावलंय तुझ्यावर."

मावशी बरगडी चोळत त्या गुंडाळीकडे बघत होती. बराच वेळ. टेम्पोतली ती गुंडाळी, आणि ही. मग तिने पट्टा काखेखालून काढून खांद्यावर घेतला. इस्त्री मोडली.

दवाखान्यात सगळं ठीक निघालं. परतताना मावशी खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या मागच्या सीटा बघत होती. गाव आलं तसं म्हणाली, "खाकी पायपिंगला नातू झालाय म्हणे. मागेच घेऊन बसतात त्याला."

दुसऱ्या दिवसापासून दुकानासमोरच्या पेट्रोल पंपावर एक नवाच तमाशा सुरू झाला. ओळखीची सीट दिसली की मावशी चष्मा कपाळावर सरकवून रस्ता ओलांडायची. "ओ दुहेरी शिवण! थांबा! उतरा जरा." मोठ्या बाई घाबरून उतरायच्या. "आत्ता नको हो, शाळेला उशीर होतोय." "दहा मिनिटं. आमच्याकडून राहिलंय एक काम." बँकेतले साहेब म्हणाले, "अहो, पण सीट किती छान दिसतेय!" मावशी म्हणाली, "दिसतेय ना? मग बघून घ्या एकदा." आणि उसवायला बसली. बक्कलाच्या जागी तिने पायपिंग लावून अशी नेटकी तोंडं शिवली की काही लोकांना वाटलं ही नवीन फॅशन आहे.

घरच्या सीटवर भाच्याच्या भोकाला मात्र तिने काळ्या रेक्झिनचं ठिगळ लावलं. "आत्तापुरतं," ती म्हणाली. भाचा छाती काढून म्हणाला होता, "मावशी, याच विटकरी रंगाचं आणून देतो. माझ्याकडे लागलं." फाटलेल्या जागेतला एक तुकडा त्याने नमुना म्हणून पाकिटात ठेवला.

त्याला आता काही वर्षं झाली. तो रंग बंद झालाय. भाचा नोकरीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी जातो तिथे सीट कव्हरच्या दुकानात शिरतो, पाकिटातला तुकडा काढतो, गुंडाळ्यांवर धरून बघतो. एक जास्त लाल असतं, एक तपकिरी. तुकड्याच्या कडा आता झिजल्या आहेत. ताईची पोरगी मागे स्वतःच्या छोट्या सीटवर बसते, तिचे पट्टे आजीच ओढून बघते. जाता-येता काळ्या ठिगळाला बोट लावून पोरगी विचारते, "हे काय?"

"हे तुझ्या मामाचं," आजी सांगते. पितळी टोपी मशीनच्या खुंटीवर लटकलेली असते. त्या आळाबद्दल काकांकडूनही तिला एक माफी येणे आहे, पण त्या येण्याचा विषय ती काढत नाही.

फोनवर मात्र ती भाच्याला दर वेळी विचारते, "मिळालं का रे?"

"बघतोय, मावशी."

"बघ, बघ," ती म्हणते. "घाई नाही."