नसलेल्या पायाचं दुखणं

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जळगावात माझं मेडिकल स्टोअर आहे, राहायला जवळच असोद्याला. अंगात येणं, उतारा, मंतरलेलं तेल... गिऱ्हाईक हे सगळं करून थकलं की शेवटी माझ्याच काउंटरवर येतं. दुखतंय ना? मग गोळी घ्या, एवढा साधा माझा धर्म. तरी हे लिहितोय, कारण घरात बोललो की सुनंदा, माझी बायको, रडते आणि मित्रांत बोललो की ते विषय बदलतात.

माझी मोठी बहीण, अक्का. यावलला दिली होती. भाऊजी गेले, मूलबाळ नव्हतं. पुढे ती तिथल्या एका नर्सबाईंच्या घरी रविवारच्या प्रार्थनेला जायला लागली, बाप्तिस्माही घेतला. गावात लोक बोलले, लेक बाटली म्हणून. एकट्या बाईला चार माणसांत बसायला जागा मिळाली, मला तेवढं पुरे होतं.

मग छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि तरीही आजार हाडांत उतरलाच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हात टेकले. गेल्या उन्हाळ्यात मी तिला असोद्याला घेऊन आलो.

बरगड्या दुखायच्या, कंबर दुखायची, ते समजण्यासारखं होतं. पण ती ओरडायची उजव्या पायाच्या अंगठ्यासाठी. "कोनी मुरगयून धरला हाये रे भाऊ, सोडतच नाही." पाय तर चांगला दिसत होता. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "ते दुखनं माह्यं नाही. रमलीचं हाये."

रमलीबाई म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला येणारी पावरा आदिवासी बाई. केळीच्या कापणीवर मजुरीला जायची. घडांनी भरलेली ट्रॉली तिच्यावर उलटली आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पाय गेला, दुखणं राहिलं — जो अंगठा नाहीच तो मुरगळल्यासारखा दुखायचा, तिला झोप म्हणून नसायची. एका रविवारी अक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवून देवाला सांगितलं, माझं दुखणं चालूच आहे, त्यात हिचंही टाक. तेव्हापासून रमलीबाई झोपते आणि अक्काचा अंगठा दुखतो, असं अक्काचं म्हणणं.

मी समजावलं. याला फँटम पेन म्हणतात, काही जणांचं ते आपोआप कमी होतं. तुझा आजार मणक्यात आहे, नस दाबली की पाय दुखणारच. रमलीनं अंगठ्याचं सांगितलं, ते तुझ्या डोक्यात बसलं. झालं! अक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुह्यं खरं असीन भाऊ. पन माह्यं दुखनं त हायेच ना? मंग ते फुकट कसाले जाऊ देऊ?"

डॉक्टरांनी वेदनेचा पॅच लिहून दिला होता, कातडीवर चिकटवायचा. पाकीट तिच्या उशाशी तसंच पडून. ती लावू देईना. म्हणे, येशूलाही वधस्तंभावर गुंगीचं पाजायला आणलं होतं, त्यानं नाही घेतलं.

"तो देव होता, अक्का! तू असोद्याची बाई आहेस!" मी एवढ्यानं ओरडलो की सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली.

तेवढ्यात आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. लेकीनं माहेरी यायचं, झोके खेळायचे, सासरची धुणीभांडी नि सासरचा त्रास, सगळं तिकडंच ठेवून यायचं. मी तेच धरलं. म्हटलं, "रमलीबाईचं दुखणं यावलचं, म्हणजे तुझ्या सासरचं. आखाजीला सासरचं ओझं माहेरी आणतं का कोणी?"

अक्का कितीतरी दिवसांनी हसली. "लावून दे बापा. पन आखाजीपुरतंच."

आदल्या संध्याकाळी मी पॅच लावला. त्याचा असर चढायला वेळ लागतो. आखाजीच्या दुपारी तिनं वाटीभर आमरस खाल्ला आणि झोपली. अशी झोपली, की कपाळावरची आठीसुद्धा गेली. बाहेर निंबाच्या झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. मी तिच्याजवळ बसून अक्षरशः रडलो, आनंदानं.

आणि अक्काचा मोबाईल वाजला. रमलीबाई होती. पॅच लावल्याचं आम्हा तिघांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं, हे लक्षात घ्या.

"भाऊ, माहा पाय परत आला..." ती कळवळत होती. "सकायपासून. अक्कानं मले सोडलं का?"

अक्का झोपलीय, एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. खरं सांगतो, त्या क्षणी मला रमलीबाईचं काही वाटलं नाही. माझी बहीण झोपली होती.

दिवेलागणीला अक्का उठली. पाय हलवून पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. "रमलीचा फोन आल्ता ना?"

मला नाही म्हणता आलं नाही. तिनं दंडावरचा पॅच सोलून काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "झाली माह्यी आखाजी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचा अंगठा आत वळलेला मी या डोळ्यांनी पाहिला. दोन्ही हातांनी ओढला, सरळ होईना. मग मीच रमलीबाईला फोन लावला. तिच्या सुनेनं उचलला. म्हणाली, सासू झोपलीय.

पुढचे दिवस काय सांगू? अक्का वाळत गेली. ओरडणं थांबलं की मधेच म्हणायची, "रमली निजली असीन आता." तिला त्यात काहीतरी दिसत होतं. मला फक्त माझी बहीण तळमळताना दिसत होती, आणि माझं दुकान औषधांनी भरलेलं होतं.

पेरण्यांच्या आधी ती गेली. शेवटचं गुंडाळताना सुनंदा मला हळूच म्हणाली, "अहो, अंगठा काही सरळ होत नाही."

यावलला माती दिली. रमलीबाई कुबड्यांवर आली होती. मी तिच्याकडेच पाहत होतो. माझा हिशेब सरळ होता: ओझं घेणारी गेली, आता ते हिच्याकडे परत जाणार. पण नाही गेलं. प्रार्थनेतले लोक याला चमत्कार म्हणतात. डॉक्टर म्हणतात, असं दुखणं कधीकधी आपोआप जातं. मग आखाजीच्या दिवशी काय झालं?

परवा रमलीबाई शुगरच्या गोळ्यांसाठी दुकानात आली होती. पायाचं विचारलं.

"नाही दुखत भाऊ. अक्का गेली तवापासून एक दिवस नाही."

बिचारी किती आनंदानं सांगत होती! सगळे म्हणतात, अक्का सुटली. मीही लोकांना तेच सांगतो. पण ते दुखणं रमलीकडे परत आलं नाही... आणि माझ्या अक्काला मी चांगला ओळखतो. एकदा घेतलेलं ती सोडत नाही.