नवीन मॅनेजर कोन?

मैत्रिणींनो, सकाळपासून माहा जीव थाऱ्यावर नाही.

अकोल्यातल्या आमच्या पोरींच्या बेसबॉल टीमच्या मॅनेजर ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परवा टीम स्पर्धेसाठी पंजाबले चालली, अन् नवीन मॅनेजर सकाळपर्यंत ठरला नव्हता. आज पोरींचे जन्माचे ओरिजिनल दाखले मॅनेजरजवळ द्यायचे होते. द्यावं कोनाले?

आमी आया ग्राउंडवरच्या कडुनिंबाखाली दाखले छातीशी धरून अंदाज लावत बसलो. एक सर पोरींवर लय ओरडतात. दुसरे मागं एका पोरीले स्टेशनवरच विसरून आले होते. सगळ्यात जास्त नावं मीच खोडली.

माही पोरगी टीमची पिचर आहे, बॉल तेच फेकते. ते म्हनाली, "आई, तुले कोनीच चालत नाही. मंग तूच चाल ना."

कोनी हसलं नाही. एकेकीनं आपल्या पोरीचा दाखला माह्या मांडीवर ठेवला. टीम पाठवनाऱ्या बेसबॉल संघटनेनंही फोनवर होकार देला.

मी कधी जवळच्या मूर्तिजापूरच्या पलीकडे एकटी गेली नाही. आता सोळा पोरींचे दाखले माह्या कपाटात आहेत.

माहं नाव दुसऱ्या कोनी घेतलं असतं, तर तेही मी खोडलं असतं. खरं सांगा, तुमची पोरगी माह्या हाती द्याल का?