दहापैकी दहा

आमच्या ब्लॉकमधल्या फिटरकाकांइतका हट्टी माणूस त्या काळच्या भिलाईत दुसरा नव्हता, आणि तेव्हा भिलाईत हट्टी माणसांची टंचाई मुळीच नव्हती. माळरानावर पोलादाचा कारखाना उभा करायला निघालेली ती माणसं. पण पाळी संपली की ती आपला हट्ट गेटवर ठेवून घरी येत. काकांचा हट्ट घरी आल्यावर सुरू होई.

त्यांच्यापाशी आजोबांची चकमकीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. चाप ओढला की घोडा पडायचा, घोड्याच्या जबड्यातली गारगोटी समोरच्या पोलादी पट्टीवर घासायची, ठिणग्या खालच्या वाटीतल्या चिमूटभर दारूवर पडायच्या आणि ती आग बारीक छिद्रातून नळीत शिरून बार व्हायचा. निदान व्हायला हवा होता. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावात पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहत, काकांच्या घरचा माणूस बार काढी आणि मगच तोरण तुटे. पिढ्यांचा मान. एका पोळ्याला काकांनी तीनदा चाप ओढला आणि तीनदा नुसतं खट् झालं. शेवटी कोणीतरी सुतळी बॉम्ब लावून तोरण तोडलं. "बैलंही हसून राहिले होते, बाबू," काका सांगत. त्याच आठवड्यात बंदूक घेऊन ते भिलाईला आले. दहापैकी दहा वेळा पेटल्याशिवाय गावाचं तोंड पाहायचं नाही, असं ठरवून. त्याला सात वर्षं झाली होती.

मी टाइम ऑफिसातला नवा कारकून, घराण्यातला पहिला बी.ए. संध्याकाळी काका नळी रिकामी ठेवून नुसती वाटी पेटवून पाहत, आणि मी समोर बसे. मलाही दुसरं कोणी नव्हतं. गारगोटी सैल बसते म्हणून त्यांनी तिच्याभोवती जुन्या चपलेचं चामडं गुंडाळलं. ती पट्टीवर फार खाली आपटते म्हणून उलटी बसवली. पट्टी मऊ पडली म्हणून हाडांच्या कोळशासोबत डब्यात बंद करून शेगडीत लाल केली आणि पाण्यात बुडवली. त्या वासानं अख्ख्या ब्लॉकमधल्या बाया आपापल्या चुलीवरचं भांडं पाहून आल्या. कारखान्यातलं पोलाद का वापरत नाही, असं मी एकदा विचारलं. "ते रुळाचं लोखंड आहे. ते भार वाहते. ठिणगी पाडणं त्याचं काम नाही."

"आज किती, काका?"

"आठ. नवव्या खेपेनं दगा देल्ला."

"आठ म्हणजे फर्स्ट क्लास. मला बी.ए.ला एवढे नव्हते."

"तुया परीक्षेत बैल उभे होते काय?"

दरवर्षी श्रावणात धाकट्या भावाचं पत्र येई: दादा, पोळ्याले ये. मी ते वाचून दाखवी. काका म्हणत, "लिही, काम चालू आहे." भावाला बिचाऱ्याला वाटे, कारखान्याचंच.

एकदा मी भीतभीत म्हटलं, "काका, तुम्ही वाटी काठोकाठ भरता. त्यानं पट्टी वाटीवर नीट टेकत नसेल आणि ठिणगी चुकत असेल. थोडी कमी टाकून पाहा." ते रागावले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी निम्मीच दारू टाकली, आणि ओळीनं दहा वेळा भक् भक् भक्. दहाव्या खेपेनंतर त्यांनी बंदूक पुसून कापडात गुंडाळली. त्या वर्षी ते गावी गेले.

तिसऱ्या दिवशी परत आले.

"पेटली नाही?"

"पहिल्याच खेपेले पेटली. वाऱ्यात, भुरभुऱ्या पान्यात."

"मग मान मिळाला परत?"

"मागाचंही काम नाही पडलं. पाटील म्हणे, वाजव ना बाप्पा, तुले हौस आहे तं."

"आणि ते तीनदा हुकलं ते?"

"कोणालेच याद नाही, बाबू. मी सांगाले गेलो तं म्हणे, असं झालतं काय?" काका थोडं हसले. "तोरणापाशी एक तरणा गडी होता. म्हणे, मस्त वाजवली. कोनाकडचे पाहुणे तुमी?"

मागल्या खेपेला मी घरी गेलो होतो तेव्हा आईनं मला कपबशीत चहा दिला होता. घरातले बाकी सगळे पितळी पेल्यातून पीत होते.