बुजवलेला झरा

धावड्याच्या शिवारात विहिरीचा विषय निघाला की कारभारींचं नाव निघायचंच. चाळीस वर्षं या माणसाने विहिरीतला दगड वर ओढणाऱ्या यारीच्या दोराला लोंबकळत खडक फोडला. खडकाला ओल फुटली की पहारीने झरा मोकळा करायचा आणि पहिली ओंजळ आपल्या हाताने मालकाच्या ओंजळीत घालायची, हा त्यांचा शिरस्ता. पाणी लागलं नाही तर मालकाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. असा हट्टी माणूस!

आणि याच माणसाने पाणी लपवलं. कुणासाठी, तर पोटच्या पोरीसाठी.

मोनाली भौतिकशास्त्रात संशोधन करते. तिच्या संस्थेला प्रयोगासाठी खोल, शांत आणि कोरडी विहीर हवी होती. तिने गावाकडचा काळा पाषाण सुचवला आणि खोदायला बापालाच लावलं. "आबा, या विहिरीला पाणी नको," असं ती म्हणाली तेव्हा कारभारी खो खो हसले. मग पोरीने नीट समजावलं. विहिरीत एक उभी नळी बसवायची, आतली हवा काढून टाकलेली. तिच्यात वर आणि खाली अणूंचे दोन गारेगार पुंजके सोडायचे. लेसरने प्रत्येक अणूला एकाच वेळी दोन वाटांनी न्यायचं आणि पुन्हा जुळवायचं. जुळताना किंचित फरक पडला तरी समजायचं, मधून काहीतरी गेलं. कुठे दूर तारे आदळून निघालेली गुरुत्वाची लाट असेल, नाहीतर विश्वभर पसरलेला, अजून कुणालाच न सापडलेला काळा पदार्थ, डार्क मॅटर.

"पण जवळपास पाणी हललं तरी अणू फसतात. म्हणून कोरडी पाहिजे," ती म्हणाली.

साठाव्या फुटावर पूर्वेच्या कपारीला ओल आली. कारभारींचा हात पहारीकडे गेला आणि तिथेच थांबला. ही जागा गेली तर पोरीची तीन वर्षं वाया जाणार होती. त्यांनी कपारीत चिंध्या ठोकल्या, वर सिमेंट थापलं आणि कागदावर सही केली, विहीर कोरडी आहे म्हणून. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

वर्ष झालं. नळी बसली, वर यंत्राची खोली उभी राहिली, मोजमाप सुरू झालं. यंदा उन्हाळ्यात, भर दुपारी, मोनाली यंत्राच्या खोलीतून धावतच बाहेर आली.

"आबा, दर चाळीस मिनिटांनी! अकरा दिवस झाले, पडद्यावरची रेघ एकाच ठेक्यात वर-खाली होऊन राह्यली. जवळच्या विहिरींच्या मोटारी आपण बंद ठेवल्यात. पाण्याचा तर प्रश्नच न्हाई, तुमची सही हाये. कदाचित काळा पदार्थच असंल! आत्ता संस्थेतल्या सरांना आकडे पाठवते."

कारभारींची नजर टेकडीकडे गेली. टेकडीपल्याडच्या गोजरबाईने विहिरीवर आपोआप चालू-बंद होणारी मोटार बसवली होती. पाणी भरलं की चालू, तळाला गेलं की बंद, असं दर चाळीस मिनिटांनी. नारळ फोडायला तेच गेले होते, अकरा दिवसांपूर्वी. ती विहीरही त्यांनीच खोदलेली, आणि तिचा झरा याच बुजवलेल्या कपारीकडून यायचा. तिकडे उपसा झाला की इथे सिमेंटमागचं पाणी हलणारच.

गप्प बसणं सोपं होतं. पोरीच्या तोंडावरचा एवढा आनंद त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण खोटं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याची गावात काय गत होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इथे तर गाव म्हणजे सगळं जग होतं.

"माय, पाठवू नको. पाणी हाये."

"तुम्हीच लिहून दिलं ना, कोरडी म्हणून?"

"म्याच बुजवलं व्हतं."

मोनाली विहिरीकडे वळली. मग म्हणाली, "दाखवा."

दोघं शिडीने खाली उतरली. कारभारींनी छिन्नीने सिमेंट उडवलं, चिंधी ओढली, आणि पाण्याची बारीक धार नळीच्या पायावर पडायला लागली. सवयीने त्यांनी ओंजळ धरली, भरली आणि वळले.

मोनालीने हात पुढे केले नाहीत.

"पहिल्या दिवसापासूनचं सगळं मोजमाप खोडावं लागंल," एवढंच बोलून ती शिडी चढायला लागली.

चाळीस वर्षांत कारभारींची ओंजळ पहिल्यांदाच कुणी घेतली नाही.