पाटीभर खडी

“उपकार की देवाचे!” असं ती आधी म्हणायची आणि मग रडायला बसायची. तुम्ही म्हणाल, हे उलटंच. मलाही तसंच वाटायचं. घागर फुटली तर, “उपकार, भरलेली नव्हती.” बैल मेला तेव्हा म्हणाली, “उपकार, माझ्या मांडीवर मान ठेवून गेला.” आणि मग पदर तोंडात धरून ढसाढसा रडली.

बहात्तरच्या दुष्काळात ती मोहोळकडचं कोरडं रान सोडून सोलापुरात, आमच्या शेजारच्या खोलीत आली. नवरा आधीच गेलेला, पोर ना बाळ. ती ख्रिस्ती, आम्हीही ख्रिस्ती, म्हणून देवळातही गाठ पडायची. मी गिरणीत मागावर, माझी बायको घरी बिड्या वळायची. ही रोज सरकारी कामावर खडी फोडायला जायची. बोटं कायम चिंध्यांनी बांधलेली.

“बाई, तुझे उपकार ऐकून देव कंटाळला असंल,” मी म्हणायचो.

“कंटाळू द्या की दादा. तुमची कुरकुर ऐकून तो झोपला असता. माझ्यामुळं जागा तरी हाय.”

आमच्यात हंगामाचा सण असतो. रानात पिकलं त्यातलं पहिलं देवळात न्यायचं, टेबलावर ठेवायचं, उपकारस्तुती करायची. त्या वर्षी देवळाचा कारभार बघणाऱ्या पंचांनी ठरवलं, सण नको. पीकच नाही तर उपकार कसले? तोंडावर सांगतो, मला ते पटलं होतं.

ही बायकांतून उठली. “वैऱ्याच्या हाती धरून द्यायच्या रातीला येशूनं भाकर हातात घिऊन उपकारच मानले की. तवा काय त्याचं पीक आलं होतं?”

पाळकसाहेबांनी सण ठेवला. ज्याच्याकडं जे असेल ते आणा, म्हणाले.

सणाच्या दिवशी टेबलावर काय होतं? पंचांचा एक भोपळा. तो मंडईतला, हे माझ्या बायकोनं लगेच ओळखलं. आदल्या दिवशी तिनंच तो घासाघीस करून सोडला होता.

सगळ्यांच्या शेवटी ती आली. डोक्यावर पाटी, पाटीत खडी. मागच्या बाकावर हसू फुटलं. पंच उठलेच. “दगडं आणून देवाची चेष्टा करतीस? उचल ती पाटी. न्हायतर ह्या देवळात पुन्यांदा पाय ठेवू नको.”

या देवळाशिवाय तिला सोलापुरात कोण होतं? तरी पाटी तिनं टेबलापुढं ठेवली. मग बोलली.

“जुंधळा असता तर जुंधळा आणला असता, पंच. औंदा माझ्या हातानं हेच पिकलं. ह्याच्यावरच मी जगले. इकत आणून माझं म्हणू काय?”

सगळं देऊळ भोपळ्याकडं बघायला लागलं.

तेवढ्यात माझी बायको उठून बाहेर गेली. रागावून गेली असं मला वाटलं. घर जवळच. परत आली ती बिड्यांचं बंडल घेऊन. पाळकसाहेब दर महिन्याला बिडीविरुद्ध उपदेश करायचे, बरं का! हिनं ते बंडल सरळ खडीवर ठेवलं. “आमच्या घरात औंदा हे पिकलं, साहेब.”

पाळकसाहेबांनी बिड्यांकडं बघितलं, आढ्याकडं बघितलं, आणि हसायलाच लागले. हसता हसता डोळे पुसले. मग खाली वाकून पाटी उचलायला गेले, तर त्यांना एकट्याला उचलेना. दुसरी कड कोणी धरली? पंचांनी. मान खाली घालून, पण धरली.

पाटी टेबलावर चढली आणि माणसं घराकडं पळाली. कोणी गिरणीतल्या सुताची कांडी आणली, मास्तरांनी खडूचं खोकं आणलं. ढोलकी अशी घुमली की रस्त्यावरची माणसं खिडक्यांना येऊन लटकली. असा सण मी पुन्हा पाहिला नाही.

पाऊस पडल्यावर ती रानाकडं परत गेली. दर सणाला कणसं घेऊन यायची. एका वर्षी आली नाही. ती गेल्याचा निरोप आला.

या उन्हाळ्यात माझी बायको गेली. सणाला मी जाणार नव्हतो. काय नेणार? तरी गेलो, रांगेत उभा राहिलो. पाळी आली तेव्हा रिकामे हातच टेबलावर ठेवले. नवे पाळक तरुण, ते बघतच राहिले.

“साहेब,” म्हटलं, “देवानं एवढी वर्षं बायको दिली होती. तिच्याबद्दल उपकार मानायचे राहिलेत.”

गाणं सुरू झालं. मी जन्माचा बेसूर. मी गायला लागलो की बायकांच्या बाजूनं माझी बायको डोळे वटारायची आणि शेजारी बसलेली ही खडीवाली पदराआड हसायची. त्या बाकावर आता दुसऱ्या बाया बसतात. त्यांच्याकडं बघत मी सगळ्यांच्या वरचा सूर लावला आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सोडला नाही.