कावळ्याला दिलेला शब्द

रविवारी सकाळी बंगळुरात बसवनगुडीच्या बागेत आम्ही काही रिटायर्ड मराठी इंजिनिअर जमतो. पूर्वी कारखान्यातले किस्से निघायचे. आता मरणाचे निघतात, आणि एक संपायच्या आत दुसरा तयार असतो. याला कारण आमचा मधू. शेवटी कितीतरी दिवस तो व्हेंटिलेटरवर होता, काचेतून नुसता आमच्याकडे बघायचा. त्याला काय हवं होतं ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून आम्ही सगळे घाबरलोय, मी जरा जास्तच.

आमच्यातल्या बापूंनी मृत्युपत्र केलं, पण दुसरा साक्षीदार मिळेना. एकाचा चष्मा घरी राहिला, नानांचा अंगठा दुखायला लागला. शेवटी सही मी केली. एरवी मी देवळात न जाणारा, पण तिथून थेट बसवण्णाच्या देवळात गेलो. बापू म्हणाले, "मृत्युपत्र माझं, आणि पाया तू पडतोयस?"

मग बापूंना विद्युतदाहिनी बघायची होती. म्हणे, "साइट इन्स्पेक्शन केल्याशिवाय मी आयुष्यात काही फायनल केलेलं नाही." सोबतीला मला नेलं. फाटकावरच्या माणसाने आमच्या मागे रस्त्यावर पाहिलं आणि विचारलं, "बॉडी एल्ली, सार?" म्हणजे बॉडी कुठाय?

बापू म्हणाले, "स्वल्प टाइम आहे."

"सरी," म्हणजे बरं, म्हणत त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या.

खरी पंचाईत नानांची होती. हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं, मुलगा परदेशात, म्हणजे वेळ आलीच तर निर्णय वहिनींवर. नानांना त्यांच्याकडून एकच वचन हवं होतं, "मला मशीनवर ठेवू नकोस." विषय निघाला की वहिनी "शुभ बोला" म्हणून कुकर लावायला उठायच्या. नानांची झोप उडाली होती.

ऑपरेशनच्या आधी नानांची पंचाहत्तरी आली, ती त्यांना तिथीने करायची होती. नानांनी आचारी भट्टांना फोन केला, "गुरुवारी तिथी आहे, स्वयंपाकाला या."

"यार तिथी, सार?" कुणाची?

"नंदे." माझीच.

कन्नडमध्ये तिथी म्हणजे श्राद्ध, हे नाना अर्धा जन्म इथे काढूनही विसरले. काही लोक जिवंतपणीच स्वतःचं उरकून घेतात, तसंच असेल, असं भट्टांना वाटलं.

गुरुवारी आम्ही हार घेऊन पोचलो, तर स्वयंपाकघरात तिळाचे लाडू आणि वडे, आणि गॅलरीच्या कठड्यावर भट्टांनी कावळ्याचं पान वाढलेलं. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पान उचलायचं कुणाला सुचेना.

समोरच्या नारळावर कावळा होता. पानाकडे बघत होता, पण शिवत नव्हता. गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की तो शिवत नाही, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं.

वहिनी कठड्यापाशी गेल्या आणि त्यांनी हात जोडले. "नाही ठेवणार त्यांना मशीनवर," त्या म्हणाल्या, "घरी आणीन, माझ्याजवळ ठेवीन. आता शिव रे बाबा."

कावळा खाली उतरला आणि पानाला शिवला.

शेजारी उभ्या नानांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच विचारलं, "मी आहे ना रे अजून?"