कोंबड्यांच्या वाटची ज्वारी

शाळेत नोकरी लागली आणि मी देऊळघाटच्या पुढच्या एका खेड्यात एकटी राहायला गेले. महाराष्ट्र नुकताच झाला होता, खेड्यापाड्यांत शाळा निघत होत्या, पण बाईमाणूस नोकरीसाठी एकटं राहतं हे गावाला अजून पचायचं होतं. त्यात आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतलेला. वर्गात पोरं बाई बाई करत. शाळा सुटली की माझ्या दाराकडे कुणी फिरकत नसे. म्हणून मी चार कोंबड्या पाळल्या. अंड्यांसाठी पाळल्या असं घरी पत्रात कळवलं, ते खोटं होतं. मला घरात आवाज हवा होता.

ग्रामसेवकानं सांगितलं, मोड आलेली ज्वारी घाला, अंडी वाढतील. मग मी रोज सकाळी दोन मुठी ज्वारी भिजत घालू लागले. संध्याकाळी उपसून ओल्या पोत्यात बांधायची, वर पाणी शिंपडत राहायचं. तिसऱ्या दिवशी पांढरे मोड, चौथ्या दिवशी हिरवी टोकं. अशी तीन गाठोडी मागच्या भिंतीवर नेहमी असत.

भिंतीपलीकडच्या घरची सून ती बघायची. कोंबड्यांना उसळ घालणारी बाई पहिल्यांदाच पाहिली म्हणून हसायची. शाळेखेरीज दुसऱ्या कशाबद्दल माझ्याशी बोलणारं गावात तेवढं एकच माणूस. दिवसातून पाचेक मिनिटं, तीही सासू देवळात गेलेली असताना. त्या पाच मिनिटांसाठी मी शाळेतून भराभरा चालत येत असे, हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही.

त्या वर्षी नवरात्रात, चौथ्या माळेला, ती रडवेली होऊन भिंतीशी आली. सासू लेकीच्या बाळंतपणाला चिखलीला गेलेली, म्हणून घट यंदा सुनेनं पेरला होता. उगवेल की नाही या धास्तीनं तिनं इतकं पाणी घातलं की दाणे कुजले. घट उगवला नाही म्हणजे घराला वाईट, आणि ते कुणाच्या पायगुणानं हे सासूनं लगेच ठरवलं असतं. सासू संध्याकाळच्या एसटीनं परतणार होती.

"बाई, कोंबड्यायची मोडाची जवारी द्या न मले थोडी."

मी विचारलं, माझ्या घरची, त्यातून कोंबड्यांच्या वाटची; देवीला चालेल का?

"देवीले चालते. सासूले नाही चालत."

मी हसले, ती हसली नाही. सगळ्यात जुनं गाठोडं मी तिच्या पदरात रिकामं केलं. माझ्या कोंबड्या दोन दिवस कोरड्या दाण्यांवर रुसून होत्या. घट मात्र असा तरारला की बाया बघायला आल्या. सुनेच्या हाताला गुण आहे, असं सासू म्हणाली, ते मी भिंतीआडून स्वतः ऐकलं. मला वाटलं, आता ही माझ्या घरात येईल, चहाला बसेल. साखरसुद्धा आणून ठेवली मी.

ती आली नाही. भिंतीशीही येईना. दसरा होऊन गेल्यावर न राहवून मीच हाक मारली. ती अंगणातच थांबली.

"बाई, आता माह्याशी बोलत नका जाऊ. तुमाले पाह्यलं का मले भेव लागते. तुमी कोनाले सांगितलं त?"

मी आत आले. राग आला, फार आला. कुणाला सांगणार होते मी? काही सांगावं असं त्या गावात मला एकच माणूस होतं, आणि ते तीच होती.